उसनी चाल



शेजारच्या घरातून पायलीभर जोंधळे उसने आणले, तर परत देताना आपल्याकडे माप सपाट भरून देत नाहीत. शीग लावून देतात. मापाच्या तोंडावर दाण्यांचा ढीग चढला म्हणजे देणाऱ्याचे मन भरते आणि घेणाऱ्याची पतही राहते. आणि जोंधळे कुणाकडून आणले, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. उसनवारी लपवायची नसते.

गाण्याच्या चालींचीही अशीच उसनवारी चालते. एकाने गायलेले गाणे दुसरा आपल्या ढंगाने गातो, एका देशातली चाल दुसऱ्या देशात जाते, आणि कधी कधी असेही होते की मूळ गाणारा मागे राहतो आणि उसने घेणारा जगभर गाजतो. इंग्रजीत अशा पुन्हा गायलेल्या गाण्याला ‘कव्हर’ म्हणतात. आता तर एखादा वाद्यवृंद जुने गाणे नव्या थाटात वाजवतो, त्याचे चित्रण करतो, आणि त्या एका चित्रगीतावर त्याचे नाव होते. पुष्कळांना वाटते की हा प्रकार अलीकडचा. तसे नाही. त्याची कथा थेट आपल्या यात्रेतल्या तंबूपर्यंत येऊन पोचते. तीच आज पाहू.

प्रथम आपल्या घरची रीत बघा. संत नामदेवांचे नाव नरसी या गावाशी जोडलेले आहे, आणि नरसी नांदेडहून फार लांब नाही, हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांचे अभंग गेली सातशे वर्षे गायले जात आहेत. पण त्यांची चाल एक कुठे आहे? दिंडीत एक, कीर्तनात दुसरी, भजनी मंडळात तिसरी. प्रत्येक गावचा पेटीवाला आपली चाल लावतो आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. मात्र एक गोष्ट कुणी बदलत नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते, ती तशीच राहते. शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांतही शेवटी रचणाऱ्याचे नाव येते. म्हणजे चाल सैल, पण नाव पक्के. आमच्या पूर्वजांनी कायदा नसताना केलेली ही व्यवस्था होती. कुणीही गावे, कसेही गावे, पण कोणाचे आहे ते सांगून गावे.

सिनेमा आणि ध्वनिमुद्रिका आल्या तेव्हा ही गाठ सुटली. गाणे तबकडीवर चढले, गावोगाव फिरू लागले, आणि नाव मात्र वाटेत गळून पडू लागले.

आता थोडे अमेरिकेत जाऊ. १९५४ सालच्या एप्रिल महिन्यात बिल हेली आणि त्यांच्या ‘कॉमेट्स’ या वाद्यवृंदाने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे त्यांचे स्वतःचे नव्हते. काही आठवडे आधीच सनी डे नावाच्या गायकाच्या मेळ्याने ते गाऊन झाले होते. हेली यांची तबकडी निघाली तेव्हा हे गाणे तिच्या मागच्या बाजूला होते, आणि तिचे म्हणावे तसे स्वागत झाले नाही. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ नावाचा चित्रपट आला. शिक्षकबंधूंनी इथे कान द्यावा, कारण तो चित्रपट एका शाळामास्तराचा होता. शहरातल्या दांडगट पोरांच्या वर्गात शिकवायला आलेल्या मास्तराचा. त्याच्या सुरुवातीच्या नामावलीवर हे गाणे लावले होते. झाले! तेच गाणे, तेच वादक, तीच तबकडी. पण पडद्याची जोड मिळाली आणि जुलै १९५५ मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. १९५६ मध्ये तर गाण्याच्याच नावाचा चित्रपट निघाला आणि त्यात हेली यांचा मेळा पडद्यावर प्रत्यक्ष वाजवताना दिसला. रॉक संगीत घराघरात पोचले ते या वाटेने. कान तयार व्हायला डोळ्यांची मदत झाली.

पण मंडळी, वाद्यवृंद पडद्यावर दाखवायचा आणि परक्या ठेक्याला लोकांच्या गळी उतरवायचे, हे काम आपल्या मुंबईत त्याच्याही आधी होऊन गेले होते. ते करणारा माणूस तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांचा जन्म पुणतांबे येथे १२ जानेवारी १९१८ रोजी झाला. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी रीतसर शास्त्रीय गाणे शिकले. सिनेमात ते गेले ते आधी नट म्हणून. मग सोहराब मोदींच्या ‘मिनर्व्हा’त पेटी वाजवू लागले. भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ या १९४२ च्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले आणि तिथून दोघांची जोडी जमली. भगवान म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, पहिलवानकीची हौस, मारामारीचे स्वस्त चित्रपट काढणारा गडी.

१९५० साली ‘समाधी’ हा चित्रपट आला. पार्श्वभूमी आझाद हिंद सेनेची. त्यातले ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ हे गाणे देशभर गेले. नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर यांच्यावर ते चित्रित झाले, गायले लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. आणि चाल? चाल बाहेरून आली होती. १९४५ मध्ये ‘डॉल फेस’ नावाच्या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडा हिने ‘चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको’ हे गाणे म्हटले होते. त्याचे संगीत जिमी मॅकह्यू यांचे. त्या चालीवरून हे गाणे बेतले गेले.

या एका चालीचा प्रवास नकाशावर बोट ठेवून पाहा. गाणे पोर्टो रिको या बेटाबद्दलचे, लिहिणारे अमेरिकन, गाणारी जन्माने पोर्तुगीज, वाढलेली ब्राझीलमध्ये. तिथून ते मुंबईला आले, तेव्हा चालीला हात लावणारा पुणतांब्याचा, शब्द लिहिणारा पंजाबचा, गाणाऱ्या दोघींत एक मंगेशकरांची लेक आणि दुसरी विजापूरकडची. आणि वाद्ये वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे. कोणत्या एका प्रांताचे म्हणायचे हे गाणे?

गोव्याच्या या वादकांची ओळख करून घेणे जरूर आहे. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन शिकवीत. त्यामुळे गोव्याचा वादक कागद पाहून वाजवू शके, आणि मुंबईच्या हॉटेलांत, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात त्याला काम मिळे. त्यांतला एक अँटोनियो झेवियर वाझ. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ या टोपणनावाने ओळखत. ट्रम्पेट असा वाजवी की त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. दिवसा तो सी. रामचंद्रांसारख्या संगीतकारांना साहाय्य करी, आणि रात्री हॉटेलात आपल्या मेळ्यासह वाजवी. चाल सुचली सी. रामचंद्रांना, पण ट्रम्पेटने कुठे उसळी घ्यायची, क्लॅरिनेटने कुठे उत्तर द्यायचे, बोंगोचा ठेका कुठे मोडायचा, या कामात अशा वादकांचा वाटा मोठा होता.

१९५१ मध्ये भगवान यांनी ‘अलबेला’ काढला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायक तेच. जोडीला गीता बाली. गोष्ट साधी होती. एका गरीब कारकुनाला रंगभूमीवर नट व्हायचे असते. गाणी मात्र तुफान. ‘शोला जो भडके’ हे गाणे स्वतः सी. रामचंद्रांनी ‘चितळकर’ या नावाने लताबाईंबरोबर गायले. बोंगो, ओबो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन अशी वाद्ये त्यात खुलून वाजली. आणि विशेष म्हणजे याच चित्रपटात चिक चॉकलेटचा मेळा झालरीच्या बाह्यांचे क्युबन पेहराव घालून पडद्यावर दिसतो. एरवी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दडलेले वादक लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आणि त्याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’ ही पिलू रागातली अंगाईही आहे! ज्याला ट्रम्पेट पेलते त्याला अंगाईही पेलते, हे सी. रामचंद्रांनी एकाच चित्रपटात दाखवून दिले.

भगवानदादांचा नाच तुम्ही पाहिलाच असेल. गुडघे किंचित वाकलेले, हात सैल, खांदे हलके हलणारे. त्याला शिकवणी लागत नाही. कुणीही उभ्या जागी नाचावे. म्हणून तर तो पडद्यावरून उतरला आणि गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत जाऊन मिसळला.

पुढे १९५७ मध्ये ‘आशा’ चित्रपटात सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ दिले. हिंदी चित्रपटातल्या रॉक अँड रोलच्या पहिल्या काही ठशांपैकी तो एक. हे गाणे मात्र कुठल्या एका परक्या गाण्याची नक्कल नव्हते. राज्य कोणावर, हे ठरवताना मुले जी निरर्थक अक्षरे मोजतात, ती कानावर पडली आणि त्यावरून मुखडा सुचला, अशी त्याची हकिकत सांगतात. त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात ‘मला नको’ या अर्थाचे दोन कोकणी शब्दही घुसवून दिले! किशोरकुमारांनी एकदा आणि आशा भोसले यांनी एकदा असे ते दोनदा गायले गेले. ठेका अमेरिकेचा, आणि आत गोव्याची कोकणी. सात वर्षांत सी. रामचंद्र उसन्या चालीपासून स्वतःच्या चालीपर्यंत आले ते असे. त्यालाच मी शीग लावून परत देणे म्हणतो. आणि ज्यांना वाटते की असा मनुष्य उथळ असणार, त्यांनी आठवावे की २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल याच माणसाची.

आता ही गाणी आपल्या भागात कशी आली? १९५० साली नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, महाराष्ट्र १९६० मध्ये झाला, आणि लातूर जिल्हा तर १९८२ चा. वीज खेड्यांत पोचली नव्हती. सिनेमा यायचा तो यात्रेच्या मोसमात, ऑइल इंजिनावर चालणारा तंबूतला सिनेमा. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या, किंवा लातूरला महाशिवरात्रीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा घ्या. यात्रा म्हणजे देवदर्शन, जनावरांचा बाजार, तमाशाचे फड आणि तंबूतला सिनेमा, असा सगळा मेळ. खेळ सुरू होण्यापूर्वी तंबूवरच्या कर्ण्यातून गाणी सुरू होत. ती ऐकत लोक शिवारातून चालत यायचे.

आणि तंबू उठून गेला तरी गाणे गावात राहायचे. तमाशात गण-गवळण झाली की रंगबाजीत सिनेमाची गाणी म्हणायची पद्धत पडली. गायन पार्ट्यांनी आणि जलशांनी गाजलेल्या चालींवर भीमगीते बांधली. चाल सिनेमाची, पण शब्द मुक्तीचे. आणि लग्नाचा बँड! पुष्कळ ठिकाणी हलगी-सनई वाजवणाऱ्या मातंग समाजातल्या घरांतून बँडपार्ट्या उभ्या राहिल्या. मुंबईत चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटने जे वाजवले, ते इथे क्लॅरिनेटवर किंवा कॉर्नेटवर आले. बोंगोची जागा ढोल-ताशाने घेतली. क्युबाचे माराका म्हणजे तर आपला खुळखुळाच. स्वरलिपीचा कागद नाही, मास्तर नाही. चार वेळा कानाने ऐकायचे आणि पाचव्यांदा वाजवायचे. आजच्या भाषेत बोलायचे तर आपल्या वरातीतला प्रत्येक बँड हा ‘कव्हर बँड’च. पोर्टो रिकोची चाल खेड्यातल्या बैलगाडीमागे वाजत गेली, आणि ती परकी आहे असे नवऱ्याच्या करवल्यांना कधी वाटले नाही.

या कथेत रेडिओचाही एक अध्याय आहे, आणि तो रेडिओच्या पुस्तिकेत सांगायला संकोच नको. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत. त्यातच एक भांडण होते ते नावाचे. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून रेडिओने ते सांगणे बंद केले. निर्मात्यांनी उलट गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. तिथे ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी मोठे काम केले, हे खरे. त्यांच्याच कारकिर्दीत संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम रेडिओवर रुजले. पण ऐकणाऱ्याचा कान हुकमाने वळत नाही, एवढा धडा त्यातून मिळाला.

नावाची दुसरी हकिकत याहून बोलकी आहे. १९४९ च्या ‘महल’मधले ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे तबकडीवर निघाले, तेव्हा गायिका म्हणून तिच्यावर नाव होते ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! गाणाऱ्या लता मंगेशकरांचा पत्ताच नाही. श्रोत्यांची पत्रांवर पत्रे रेडिओकडे आली, ही गाते कोण? तेव्हा कुठे खरे नाव सांगितले गेले. म्हणजे पत्र लिहिणाऱ्या साध्या श्रोत्याने गाणाऱ्याला तिचे नाव मिळवून दिले. वादकांच्या बाजूने मात्र अशी पत्रे कुणी लिहिली नाहीत. गोव्याच्या कितीतरी वादकांची नावे पडद्यावर कधीच आली नाहीत. ‘गोरे गोरे’ची चाल ज्यावरून घेतली, त्या मूळ कर्त्याचे नाव देण्याचीही तेव्हा रीत नव्हती. आणि आपल्या गावच्या क्लॅरिनेटवाल्याचे नाव लग्नपत्रिकेत कुणी छापले आहे का?

पुढे जमाना दूरचित्रवाणीचा आला. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘एलियन अँट फार्म’ या रॉक वाद्यवृंदाने मायकेल जॅक्सनचे १९८७ सालचे ‘स्मूथ क्रिमिनल’ हे गाणे आपल्या दणक्यात वाजवले. त्याच्या चित्रगीतात जॅक्सनच्या जुन्या चित्रगीतांतल्या खुणा जागोजागी पेरल्या आहेत. पाहणाऱ्याला लगेच कळावे की हे कोणाचे देणे आहे. तो वाद्यवृंद त्या एका गाण्याने जगाला माहीत झाला. आपल्याकडे २००२ मध्ये ‘काँटा लगा’ या जुन्या गाण्याचा नवा अवतार असाच चित्रगीतावर गाजला. मूळ गाणे १९७२ च्या ‘समाधी’ याच नावाच्या दुसऱ्या चित्रपटातले. संगीत राहुलदेव बर्मन यांचे, शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे, आवाज लताबाईंचा. पण नव्या गाण्यावर नाचणाऱ्या किती तरुणांना ही तीन नावे ठाऊक होती? गोष्ट एकच, पण एका ठिकाणी देणे उघड दाखवलेले, आणि दुसरीकडे ते शोधून काढावे लागणारे.

कायद्याने यात काय ठरवले आहे, तेही शिक्षकांनी जाणून घ्यावे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले त्यानंतर पाच वर्षे उलटल्यावरच कायद्याच्या सवलतीने नवी आवृत्ती काढता येते. मूळ कर्त्यांचे मानधन आगाऊ द्यावे लागते. गाण्यात मनमानी फेरफार चालत नाही. आणि ही मूळ नव्हे, नवी आवृत्ती आहे, असे वेष्टनावर छापावे लागते. याच कायद्याने लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याला सूट दिली आहे. शाळेत शिक्षक-विद्यार्थ्यांनी शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या कार्यक्रमालाही सूट आहे. तेव्हा बँडवाल्याने आणि मास्तरांनी भिण्याचे कारण नाही.

सूट आहे ती पैशापुरती. नाव घेण्यातून आपल्याला कुणी सूट दिलेली नाही, आणि आपणही ती घेऊ नये. स्नेहसंमेलनात पोरे सिनेमाच्या गाण्यावर नाचणार, ते आता थांबणार नाही, थांबवूही नये. फक्त निवेदन करणाऱ्या मुलाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी. गाणे कोणत्या चित्रपटातले, वर्ष कोणते, कवी कोण, संगीतकार कोण, गाणारे कोण, आणि चाल आणखी कुठून आली असेल तर ती कुठून. ही माहिती मुलांनाच शोधायला लावावी. एका गाण्याच्या निमित्ताने पुणतांबे, गोवा, विजापूर, ब्राझील नकाशावर सापडतील. भूगोलाचा आणि इतिहासाचा एक तास त्यात निघून जाईल. आणि गावात पुढचे लग्न निघाले की पत्रिकेच्या तळाशी बँडवाल्या उस्तादाचे नाव छापून बघावे. एका ओळीची जागा लागते. आतापर्यंत त्याने आपल्या दारात जेवढे वाजवले, त्या मापावरची शीग म्हणून ती ओळ त्याच्या पदरात पडू द्या.